आर्डिसच्या शर्टाचे दोन तुकडे

टॉलफसनांच्या ट्रॅक्टर-शेडच्या भिंतीवर एकोणतीस चिंध्या खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या. बाण चुकला की शिकाऱ्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं, नाव-साल लिहून भिंतीला ठोकायचं, ही विस्कॉन्सिनच्या त्या टेकड्यांतली रीत. आर्डिसच्या नवऱ्याच्या, देव त्याला शांती देवो, अकरा होत्या. माणूस सरळ, बाण तेवढे वाकडे.

आर्डिसच्या चार होत्या. पाचवी हवी होती. पण गेल्या वर्षी ती चुकली तेव्हा जावयानं, कर्टनं, कात्री उचललीच नाही. "असू दे आई, या वयात जाता हेच खूप," म्हणाला आणि वर गरम सूप दिलं. ते सूप तिला वर्षभर पचलं नव्हतं.

नोव्हेंबरात हरणांचे नर माजावर आले. "आई, गुडघा नवा बसवलाय, मचाणावर चढायचं नाही," कर्ट म्हणाला. "आणि ते आडवं धनुष्य न्या. बंदुकीसारखा नुसता घोडा ओढायचा."

"त्यापेक्षा हरणालाच फोन करते, ये म्हणून." तिनं आपलं जुनं लाकडी धनुष्य घेतलं.

"अगं, जमिनीवर बसून कुणाला मिळालाय म्हातारा नर?" दीर लव्हर्न हसला.

"तू चाळीस वर्षं झाडावर बसतोयस. तुला काय मिळालं? मूळव्याध."

ज्याच्यामागे सगळे होते तो दहा टोकांच्या शिंगांचा नर कर्टनं झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांत फक्त रविवारी दिसे, म्हणून त्याचं नाव पाद्री.

आर्डिस पडलेल्या ओकच्या आड बादली पालथी घालून बसली, वारा तोंडावर घेऊन. नवाच्या सुमाराला एक मादी पळत गेली. मागोमाग पाद्री, मान फुगलेली, नाक जमिनीला, घशातून घुर्रघुर्र. प्रेमात पडलेल्या नराला समोरची म्हातारी दिसत नाही, हे आर्डिसला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. पंधरा पावलं. तिनं दोरी कानापर्यंत ओढली, सोडली. दोरीच्या आवाजासरशी पाद्री खाली दबला, बाण पाठीवरून गेला, आणि पांढरी शेपटी वर करून तो दिसेनासा झाला.

तासभर ती गुडघ्यांवर, नव्यासकट, रक्त शोधत होती. थेंब नाही. बाण कोरडा ठणठणीत. तिथं कॅमेराही नव्हता. काही आलंच नाही म्हटलं असतं तरी खपलं असतं.

शेडमध्ये येऊन तिनं बाण टेबलावर आपटला. "पाद्री आला होता. पंधरा पावलांवर. चुकले."

कर्टनं सुपाच्या भांड्यातला डाव उचलला.

"डाव खाली ठेव. कात्री घे."

"आई, जमिनीवरून इतक्या जवळ म्हणजे—"

"तू चुकलास तेव्हा मी सूप दिलं होतं?"

"नाही. तुम्ही जरा जास्तच वर कापलंत."

"मग?" तिनं पाठ फिरवली आणि शर्ट बाहेर ओढला. कर्टनं बोटभर कापला.

"फीत कापतोयस? लव्हर्न, तू घे."

लव्हर्ननं खांद्यापर्यंत फाडला.

"आता दुसरा तुकडा. गेल्या वर्षीचा राहिलाय."

नावं तिनं स्वतः लिहिली, खिळेही स्वतःच ठोकले. एकतीस.

"पहाटे पाचला निघणार. कुणीतरी शर्ट द्या," ती म्हणाली आणि उघड्या पाठीनंच टेबलाशी बसून तिनं आपल्या हातानं सूप वाढून घेतलं.

"मीठ कमी आहे," म्हणाली. "गेल्या वर्षीही होतं."