वस्तीला

राजसबाईंनी गंधारच्या बॅगेची चेन पुन्हा उघडली आणि सांडग्या मिरचीचा डबा बुटांशेजारी कोंबला. बाहेर चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीच्या अरुंद गल्लीत ऑटोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

गंधार पुण्याचा, मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. दोन वर्षं रोज संध्याकाळी तंजावरी मराठी प्रतापसिंहांकडे जर्मन शिकला आणि जेवूनच उठला. खोली मागच्याच मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमध्ये, त्यामुळे राजसबाईंनी कितीदा गळ घातली तरी वस्तीला म्हणून एकदाही राहिला नाही. आज त्याने खोली सोडली होती. जर्मनीचं विमान उद्या रात्रीचं, पण आजचा मुक्काम विमानतळाजवळच्या मित्राकडे ठरलेला. बाईंचं तोंड दुपारपासून फुगलं होतं.

“तिकडे अस्क्यांना, सगळ्यांना सांगशील, चेन्नईंत एक म्हातारा-म्हातारी होते,” त्या म्हणाल्या. “झालं! आम्ही ‘होते’ झालों.”

प्रतापसिंहांनी चष्मा पुसला. जन्मभर जर्मन शिकवलेल्या या माणसाला बायकोची समजूतसुद्धा व्याकरणानेच घालता येई, बिचाऱ्याला.

“गंधार, ‘होतो’ला जर्मनमध्ये काय म्हणशील?”

“बिन गेवेझन, सर.” एरवी हा शब्द तो हमखास विसरायचा. आज नेमका आठवला.

“फार जुनं क्रियापद तें. इंग्रजांचं ‘वॉज’ त्याचंच भावंड. मुळांत त्याचा अर्थ राहणें, रात्र काढणें. संस्कृतांतलं ‘वसति’ तेंच, आणि आपली ‘वस्ती’ही त्याच घरची.” मग ते बायकोकडे वळले. “कळलं? ‘होता’ म्हणजे गेला, असं नव्हे. वस्तीला राहिला होता.”

“मग हा कधीं राहिला?” राजसबाईंनी चेन खसकन ओढली. “हा तर ‘होता’सुद्धा नव्हे!”

हॉर्न पुन्हा वाजला. गंधार चपला घालून बाहेर गेला.

ऑटो सुरू झाल्याचा आवाज आला, गल्लीच्या तोंडाशी जाऊन विरला. राजसबाई बॅगेवर हात ठेवून तशाच बसून राहिल्या. त्यांना त्याची फार माया होती.

“अय्यो, बॅग विसरला हो!”

“नाही विसरलो.” गंधार दारात चपला काढत होता. “ऑटो परत पाठवला. काकू, उद्यापासून मला खुशाल ‘होता’ म्हणा. आज वस्तीला आहे.”

“तसं बोलूं नकोस, कण्णा,” राजसबाई म्हणाल्या आणि डोळे पुसून त्यांनी चेन उघडली. मिरचीचा डबा बाहेर काढला. रात्री दहीभाताबरोबर मिरच्या तळायला हव्या होत्या.