जडसंग्रहातला उजेड

मी एक जुना लेझर आहे. नाव ऐकून दचकू नका. मिरवणुकीत लोकांच्या डोळ्यांवर मारतात, तो माझा कुणी लागत नाही. तरी दर गणपतीत कुणीतरी मला मागायला येतंच. मी घाटनांदूरच्या एका शाळेत शिकवायला आलो. बोटाएवढी नळी, टोकाला काच आणि आतून निघणारा एक सरळ लाल किरण, एवढाच माझा संसार.

मित्रांनो, सात वर्षांपूर्वी माझ्यासोबत एक मोठा तक्ता आला होता. इंटरनेट काचेच्या तारेतून उजेडावर बसून येतं, उजेडानं डोळ्याचं ऑपरेशन होतं, पोलाद कापलं जातं. आणि ही यंत्रं घडवायला, जुळवायला, दुरुस्त करायला शिकलेली माणसं लागतात, असं सगळं त्यावर चित्रांसकट होतं. तो तक्ता सध्या खिचडीच्या तांदळाखाली अंथरलाय. ओल लागू नये म्हणून. तांदूळ आता बराच शिकला असेल.

मला राधाकिशन सरांनी जडसंग्रहाच्या, म्हणजे डेडस्टॉकच्या, वहीत चढवलं आणि कपाटात घातलं. उजेडाची नोंद जड वस्तूंत! सात वर्षांत चार तपासण्या झाल्या, तेव्हा चार वेळा लागलो. बाकी जवळजवळ सगळा वेळ शेजारच्या प्लॅस्टिकच्या सांगाड्याशी बोलत काढला. तो फार बोलत नाही.

मला खरं ओळखलं ते बबितानं. दहावीची पोर, धुळाजी मेंढपाळाची लेक. तिनं सरांच्या मागं लागून मला तीनदा बाहेर काढलं. मेंढीच्या लोकरीचा एक तंतू माझ्यासमोर ताणून धरला, की भिंतीवर लाल ठिपक्यांची रांग पडते. तंतू जितका बारीक, तितकी रांग ऐसपैस. ठिपक्यांमधलं अंतर मोजून ती तंतूची जाडी काढायची.

या दसऱ्यानंतर पुण्याहून मोहिनी मॅडम येणार होत्या. प्रकाशतंत्राच्या शिबिराला दोन मुली निवडायच्या होत्या, प्रयोग बघून. धुळाजी म्हणाला होता, "दिवा लागला तर जा. न्हाई लागला तर सोमवारी मेंढरामागं चल." सोमवारी त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा तांडा, चरायला लांब निघणार होता. म्हणजे शाळा संपली.

आणि आली खंडेनवमी. खिचडी शिजवणाऱ्या चंद्रभागाबाईंनी सगळ्या हत्यारांची पूजा केली. विळी, कात्री, तराजू, मी. तेलात कालवलेलं कुंकू त्यांनी अंगठ्यानं माझ्या काचेवर दाबून भरलं. वर अक्षता. मनापासून केलं हो, म्हणूनच निघेना.

मॅडम आल्या, धुळाजी आला. सरांनी बटण दाबलं. पाठीवरचा हिरवा दिवा लागला, किरण काही निघेना. सरांनी वायर हलवली, मग मला तीन चापट्या मारल्या, जणू मी रेडिओ. शेवटी म्हणाले, "गेला. जुनाच होता."

मी सात वर्षांत दमायला उठलोच कधी?

"चल बबे," धुळाजी उठला.

"थांबा आबा. हिरवा दिवा लागलाय, म्हंजी जीव हाय त्यात." तिनं आधी वायर काढली. चालू लेझरच्या तोंडात कधीच डोकावायचं नसतं, हे तिला पाठ होतं. मग वाकून पाहिलं. "सर, ह्याच्या डोळ्यात कुंकू हाय."

धुळाजीनं पटका पुढं केला. "घे, पूस."

"पटक्यानं ओरखडे पडत्यात आबा."

प्रथमोपचाराच्या डब्यातला कापूस आणि स्पिरिट घेऊन तिनं हळूच पुसलं. किरण सुटला. तिनं समोर तंतू ताणला, तसे भिंतीवर ठिपके उमटले. मॅडमनी पट्टी लावून अंतर मोजलं.

धुळाजीनं दोन तंतू चिमटीत चोळले. "हा पोटाचा, बारीक. हा मांडीचा, जाड." बबितानं दोन्ही लावले. मी तेच सांगितलं.

"मग तुझ्या दिव्यानं नवीन काय केलं गं?" धुळाजी म्हणाला. "ते माझ्या बोटाला कळतंय की."

मित्रांनो, त्या क्षणी मला पुन्हा कपाटात जावंसं वाटलं.

"कळतंय आबा," बबिता म्हणाली. "पर तुमचं बोट मला देता येतंय का? आकडा देता येतोय."

धुळाजी आपल्या बोटाकडं बघत राहिला. मग मॅडमना म्हणाला, "किती दिस ठिवणार पोरीला?"

ती शनिवारी पुण्याला गेली आणि सरांनी मला आणखी एक कुलूप लावलं. कारण मी आता चालू होतो.

सोमवारी धुळाजी कागदाच्या पुडीत लोकर घेऊन आला. "बबीनं सांगितलंय, निघायच्या आधी मोजून घ्या."

"चावी बघावी लागेल. उद्या या," सर म्हणाले.

"बघा की. मी बसतो." त्यानं पटांगणाकडं हात केला. "मेंढरं बी थांबलीत."

तीनशे मेंढरं होती. त्यांनी शाळेची बाग खायला घेतली होती. चावी दोन मिनिटांत सापडली.

मित्रांनो, तुमच्याही शाळेच्या कपाटात माझा कुणी भाऊ असेल. त्याला जपा. पण जपणं म्हणजे कापूस, स्पिरिट आणि रोजचा वापर. कुलूप नव्हे. सर ऐकत नसतील, तर मेंढरं घेऊन जा.