मला काढून ठेवलं त्या दिवशी

मी कान्हाचा डावा बूट बोलतोय. तसे आम्ही दोघं, पण उजवा पहिल्यापासून घुमा, त्यामुळे घराण्याची बाजू मलाच मांडावी लागते. अलिबागजवळच्या आमच्या कोळीवाड्यातून परदेश पाहून आलेला मी पहिला बूट. खरं म्हणजे कोळीवाड्यातला मी पहिलाच बूट, पण त्यानं माझा मान कमी होत नाही.

माझा जन्म अलिबागच्या बाजारात झाला, सन बासष्टच्या सुरुवातीला. कान्हा दुकानोदुकानी फिरला, पण तयार बूट एकही त्याच्या पायात जाईना. लहानपणापासून होडीच्या ओल्या फळीवर बोटं रोवून उभा राहणारा माणूस तो. त्याची बोटं हाताच्या पंजासारखी फाकलेली. शेवटी विठोबा जोडेवाल्यानं कागदावर त्याचा पाय ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आणि कपाळाला हात लावला. "कान्हाभाऊ, हा पाय हाय का वल्हं?" तो म्हणाला. अशा मापानं मी शिवला गेलो. पुढून रुंद, दिसायला बेडकासारखा, पण शिवण अशी पक्की की बघत राहावं.

मी का शिवला गेलो ते सांगायला हवं. कान्हाचे वडील गुणाजी होडीतच गेले. मासेमारीला गेले असताना छातीत कळ आली. किनारा समोर, कुलाब्याचा किल्ला डोळ्यांना दिसतोय, आणि वारा पडला. शीड लोंबत राहिलं. पोरांनी वल्ही मारून हात सोलून घेतले, पण ओहोटीनं होडी मागे मागे नेली. ती किनाऱ्याला लागली तेव्हा गुणाजीचं अंग थंड झालं होतं. वल्हं मारणाऱ्यांत कान्हा होता.

तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, होडीला इंजिन बसवायचं. मच्छीमार सोसायटीनं त्याला पुढारी केलं. जपानच्या एका कारखान्यानं इंजिन बघायला या म्हणून बोलावणं धाडलं. सोबतीला मच्छीमार खात्यातले दत्तात्रेय नाईक साहेब, इंग्रजी बोलायला.

सगळं जमून आलं होतं. अडलं होतं ते घरात. कान्हाची आई नीराबाई. अलिबागच्या बाजारात तिच्या मासळीच्या पाटीसमोर भाव करायला वकीलसुद्धा कचरायचे. इंजिनाचा दांडा बाहेर काढायचा तर होडीच्या मागच्या अंगाला भोक पाडावं लागतं, हे तिच्या कानावर आलं होतं. आणि घरची होडी साधी नव्हती. गुणाजीनं ती बांधली आणि तिला आपल्या आईचं नाव दिलं, कृष्णाबाई.

"माज्या सासूच्या अंगाला भोक पाडनार तू?" नीराबाई म्हणाली. "ती आपली आई हाय. तिच्यात आपन पायतान घालून चढत न्हाय, आन् तू तिला भोसकनार?"

"आये, वारा पडला म्हनून बाबा गेला."

"बाबा गेला तो दर्यानं नेला. भोक पाडलंस तर मी त्या होडीचं म्हावरं इकनार न्हाय. माजी पाटी फोडून टाकीन."

कान्हा उठून होडीकडे निघून गेला. मला नंतर कळलं, तो आईच्या धाकानं उठला नव्हता. त्यालाही मनातून तसंच वाटत होतं. भोक पाडलेली होडी ही होडी राहील का, की नुसतं लाकडी यंत्र होईल? निघताना नीराबाईनं त्याच्यावरून मीठ उतरलं आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हे कातडं माज्या वट्यावर आनायचं न्हाय." माझ्याशी तिची ही पहिली ओळख.

रेवसहून लाँच, भाऊच्या धक्क्याहून सांताक्रूझ, आणि तिथून विमान. लाँचमध्ये चढताना कान्हानं मला काढून हातात घेतलं. विमानात चढताना मात्र त्यानं विचार केला आणि मला पायातच ठेवलं. "हे उडतं. ही होडी न्हाय," तो स्वतःशीच म्हणाला.

जपानातला कारखाना मला फार आवडला. फरशी इतकी स्वच्छ की माझं तोंड तिच्यात दिसायचं. ओकुबो नावाचे गृहस्थ रोज आम्हाला इंजिन दाखवायचे. कान्हा त्याच्यावर हात फिरवायचा, आवाज ऐकायचा, खूश व्हायचा. मग ओकुबो होडीचं चित्र काढून तिच्या मागच्या भागावर पेन्सिलीनं गोल करायचे. त्या गोलाशी आलं की कान्हाचा चेहरा उतरायचा.

"भोक पाडल्याबिगर चालनार न्हाय?" तो रोज विचारायचा.

नाईक साहेब रोज इंग्रजीत विचारायचे, ओकुबो रोज नम्रपणे मान हलवायचे. नाही. सोसायटीनं निर्णय कान्हावर सोपवला होता. हो म्हटलं तर बोटीनं इंजिन येणार, नाही म्हटलं तर कोळीवाडा आणखी कितीतरी वर्षं वाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसणार. कान्हा म्हणायचा, "उद्या सांगतो." असे बरेच उद्या गेले आणि परतायची वेळ आली.

तेव्हा ओकुबोंनीच सुचवलं की जायच्या आधी एक दिवस आमच्या करमणुकीच्या बागेत चला. नाईक साहेब लगेच तयार. "एवढ्या लांब आलोच आहोत, तर एक दिवस वाढवू," ते म्हणाले.

कान्हा भडकला. "साहेब, सोसायटीच्या कामाला आलो मी. पाळन्यात बसलो असं गावात कललं तर अंबाजी माजी वरात काढील!" अंबाजी म्हणजे आमचा शेजारी, कान्हाची खोडी काढायची एक संधी न सोडणारा. पण यजमानाचं मन कसं मोडायचं? गेलो.

काय सांगू तुम्हाला! उंच पाळणे, रुळांवरून किंचाळत जाणाऱ्या गाड्या, कागदाचे कंदील, पिपाण्या. कान्हा तोंड उघडं टाकून बघत होता. "साहेब, ह्यो देव कुठला?" नाईक साहेबांनी सांगितलं, देव नाही, नुसतीच मजा, आणि ही बाग रोज चालू असते. "देव न्हाय, पालखी न्हाय, आन् जत्रा रोज!" कान्हा म्हणाला. "मानसं थकत न्हाईत?" माणसांचं मला नेहमी नवल वाटतं. कामाला जाताना पाय ओढत जातात आणि घाबरून किंचाळण्यासाठी रांगेत उभी राहतात.

पुढे एक तळं होतं. त्यात रंगीत छोट्या होड्या, कुणाला बदकाचं तोंड, कुणाला माशाचं. माणसं बसली की होडी ढुस ढुस करत खोट्या गुहेत शिरायची आणि पलीकडून बाहेर पडायची. पैसे देऊन होडीत बसतात, याचंच कान्हाला हसू येत होतं. हसत हसतच तो धक्क्यावर गेला, आणि मग ते घडलं.

त्यानं खाली वाकून माझी नाडी सोडली. मला आणि उजव्याला काढून फळीवर शेजारी शेजारी ठेवलं. मग बदकाच्या तोंडाच्या त्या होडीला हात लावून तो कपाळाला नेला, आणि अनवाणी आत पाय टाकला.

रांग थांबली. तिकीट घेणारी मुलगी गोंधळली. नाईक साहेब लाजून लालेलाल. "अहो कान्हाभाऊ, इथे बूट काढायचे नसतात!" पण मागे एक म्हातारी होती. तिनं कान्हाकडे पाहिलं आणि निमूटपणे आपले जोडे काढून माझ्याशेजारी ठेवले. तिच्या मागच्या जोडप्यानं काढले. त्या देशात एकानं जोडे काढले की ते काढायचेच असणार, असं सगळ्यांना वाटत असावं. ओकुबोंनीही आपले चकचकीत काळे बूट काढले. बघता बघता धक्का जोड्यांनी भरला, आणि पहिला मान माझा होता.

आता गंमत अशी की होड्या सुटायच्या एका धक्क्यावरून आणि लागायच्या दुसऱ्या. थोड्या वेळानं तळ्याला वळसा घालून अनवाणी माणसांची एक वरातच आपापले जोडे शोधत आली. सगळे हसत होते. म्हातारी तर डोळे पुसत हसत होती. कान्हा तेवढा हसत नव्हता. तो माझ्याजवळ येऊन बसला आणि त्यानं मला हातात घेतलं.

"साहेब, त्या होडीला इंजिन व्हतं का?"

"होतं की. आवाज नाही ऐकलात?"

"दांडा? मागं पान्यात पंखा?"

"असणारच."

"म्हंजे भोकबी व्हतंच."

"अर्थात. भोकाशिवाय दांडा बाहेर कसा येईल?"

"आन् मी पायतान काढलं," कान्हा हळूच म्हणाला. "माज्या डोक्यानं न्हाय काढलं, साहेब. पायानं काढलं." त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी अगदी जवळून पाहिलं. मला पायात घालून तो उठला आणि ओकुबोंना म्हणाला, "इंजिन धाडा."

गावी आलो तेव्हा ओट्याखाली अख्खा कोळीवाडा जमला होता. अंबाजीला कुठून कळलं देव जाणे. "काय रं कान्हा, कामाला गेलास की जत्रंला?"

"जत्रंला बी गेलो," कान्हा म्हणाला. "आन् काम जत्रंतच झालं." मग त्यानं काही न लपवता सगळं सांगितलं, बदकाच्या तोंडासकट. लोक पोट धरून हसले. नीराबाई हसली नाही.

"तुला कुनी सांगितलं पायतान काढाया?"

"कुनी न्हाय, आये."

"भोक पाडलेली व्हती ती?"

"व्हय."

"तरी पायतान घालून तुजा पाय चढला न्हाय?"

"न्हाय चढला."

नीराबाईचं बोट आपल्या नाकाकडे गेलं, गुणाजीमागं नथ उतरवलेल्या रिकाम्या भोकाशी. कान्हाची बायको केसर दाराआड कान देऊन उभी. मग म्हातारी म्हणाली, "माज्या सासूच्या नाकात मोत्याची नथ व्हती. भोक पाडल्याबिगर घातली व्हती का?" आणि उठता उठता बजावलं, "पन सुताराला सांग, आधी हलद लावल्याशिवाय हात लावायचा न्हाय. आन् भोक मी सांगीन तवाच पाडायचं."

इंजिन आलं तेव्हा तसंच झालं. कृष्णाबाईच्या मागच्या अंगाला हळद-कुंकू लावलं, बायकांनी नाक टोचण्याची गाणी म्हटली, आणि नीराबाईनं मान हलवल्यावर सुतारानं भोक पाडायचा सामता फिरवला. पंख्याला आमच्याकडे अजून कुणी पंखा म्हणत नाही. कृष्णाबाईची नथ म्हणतात.

पुढे ऑक्टोबरात एके दिवशी वारा पडला. पान हलेना. कान्हा सकाळीच दर्यावर गेला होता आणि मला नेहमीसारखं वाळूत काढून ठेवलं होतं. बायका किनाऱ्यावर दर्याकडे बघत उभ्या होत्या. गुणाजी गेले त्या दिवशीही असंच होतं म्हणतात. भरती चढत चढत माझ्या टाचेपर्यंत आली. तेवढ्यात मला कुणीतरी उचललं. नीराबाई होती. जिनं मला ओट्यावर चढू दिलं नाही, तिनं मला छातीशी धरलं होतं.

आणि लांबून आवाज आला. ढुस, ढुस, ढुस.

"आली गं माजी सासू," नीराबाई म्हणाली, आणि मोठ्यानं रडली.

आता सन सत्तर जवळ आलंय. माझा तळवा झिजला, टाच एकीकडे कलली, विठोबानंही हात टेकले. तरी मी ओट्यावर असतो, नीराबाईच्या हुकमानं. कान्हा घरापासून किनाऱ्यापर्यंत मला घालतो आणि पाण्याच्या कडेला काढून ठेवतो. बुटाचं मोठेपण चालण्यात आहे असं तुम्हाला वाटत असेल. माझं मोठेपण मला काढून ठेवलं त्यात आहे, आणि ते मी कुणापुढेही छाती फुगवून सांगेन.

तुम्हाला माझी एकच विनंती आहे. होडी केवढीही असो, बदकाच्या तोंडाची का असेना, चढण्याआधी तुमच्या पायातल्या माझ्या भावाला उतरवा. तो रुसणार नाही.

आत्ताही मी वाळूतच बसलोय. वारा पडलाय, आणि कान्हा आत दर्यावर आहे. मला काळजी नाही. थोड्या वेळानं आवाज येईल.