तुलनेचं रक्त

"तुमच्या पोरीचं काही चुकलेलं नाही, ताई. चूक माझ्या रक्तात आहे," प्रयोगशाळेतले काका म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

मला काही कळेना. कालच डॉक्टर म्हणाले होते, मुलीच्या पांढऱ्या पेशी फार कमी प्रतिसाद देतायत. अकरा महिन्यांत तिसरा न्यूमोनिया. मी तिचे श्वास मोजत दिवस काढत होते.

तपासणी काकांनीच समजावली होती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बशीत ठेवून त्यांना मेलेल्या जंतूंचे तुकडे दाखवायचे. शत्रू ओळखला की त्या आतल्या आत प्रथिनं बनवून बाहेर सोडतात. ती प्रथिनं म्हणजे हाक; ती ऐकून बाकीच्या पेशी धावून येतात. हाक किती मोठी, ते दुसऱ्या दिवशी मोजायचं. तुलनेला शेजारी धडधाकट माणसाचं रक्त लागतं.

"तो धडधाकट माणूस म्हणजे अस्मादिक!" तेव्हा ते हसले होते. "बावीस वर्षं. फुकट आणि वेळेवर."

आज ते कागदाकडेच बघत बोलले. "जंतू न दाखवलेल्या बशीतही माझ्या पेशी ओरडतायत. तीनदा मोजलं. त्या गोंगाटापुढे पोरीचा आवाज बारीक वाटला, एवढंच. तिच्या पेशी उगाच बोलत नाहीत, डिवचल्यावर बोलतात. तिचे आकडे माझ्या जुन्या, निरोगी आकड्यांशी ताडले, जुळतायत. तरी एकदा नव्याने करू."

माझा जीव भांड्यात पडला. मी मुलीला कवटाळून चक्क हसले. मग त्यांच्याकडे लक्ष गेलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणि तुमचं, काका?"

"पट्टा दोन भोकं आत गेलाय. मी आपला म्हणत होतो, जिने चढून पोट उतरलं." ते उठले. "बघतील डॉक्टर. आधी हिचं उरकू. दुसरं रक्त हवं. तुमचं नको, तुम्ही आई; रक्ताच्या नात्याचं चालत नाही."

सोबत आलेल्या माझ्या जाऊबाईंनी बाही वर सारली. "माझं घ्या. भारी उसळतं, विचारा आमच्या सासूबाईंना!"

काका हसले. सुई इतकी अलगद टोचली, की जाऊबाईंचं बोलणंही थांबलं नाही. नळी भरली. चिठ्ठीवर त्यांनी 'निरोगी' लिहिलं आणि सवयीने खाली स्वतःचं नाव घातलं.

हात थांबला.

काकांनी मोजपट्टी घेतली, ते नाव एका सरळ रेघेने खोडलं आणि विचारलं, "नाव सांगा, ताई."