गल्लीत जिंकलेली शर्यत

जगाच्या घड्याळांची चाल सुधारणाऱ्या घड्याळजींनी पन्नाशीत रेसिंगची सायकल घेतली खरी, पण त्यांचा सरासरी वेग ताशी एकोणीसच्या पुढे सरकेना. लेकीने फोनवरचा आलेख पाहून कपाळाला हात लावला. "बाबा, तुम्ही गल्लीतच सुसाट सुटता आणि पुलापर्यंत पार गळून जाता. सुरुवातीला जरा दमाने घ्या."

तेच कठीण होतं. कोपऱ्यावरच्या गॅलरीत निवृत्त मुख्याध्यापिका झाडांना पाणी घालत असायच्या, आणि त्या दिसल्या की घड्याळजींच्या पायांना चेव यायचा.

रविवारी मात्र त्यांनी मन घट्ट केलं आणि हलक्या गिअरवर रमतगमत गल्ली पार केली.

"बरं नाही का आज?" वरून विचारणा झालीच. ते त्याच संथ चालीने पुढे गेले. पुलाच्या चढावर पाय ताजेतवाने होते, आणि परतताना तर सायकल आवरता आवरेना. चाळीस किलोमीटर झाले, सरासरी चोवीस.

बाई आता गॅलरीत पेपर वाचत होत्या. "इतक्यात परत? अर्ध्यातूनच वळलात वाटतं."

"हो ना," घड्याळजी म्हणाले आणि शीळ घालत जिना चढले. समोरची चूक दुरुस्त न करता तशीच सोडून देण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच खेप होती.