डाव्या डोळ्याखालची

मी एका बाईच्या डाव्या डोळ्याखालची पिशवी बोलतेय. हसू नका. उजवीकडे माझी जुळी बहीण होती, पण ती पहिल्यापासून अबोल. त्यामुळे दोघींचं गाऱ्हाणं मलाच मांडावं लागतंय.

आम्ही बाईच्या पस्तिशीत दिसू लागलो. जागरणाने आलो, रडण्याने आलो, असं लोक म्हणत. साफ खोटं! आम्ही तिच्या वडिलांकडून आलो. त्यांच्या डोळ्यांखाली अशाच दोन गुबगुबीत पिशव्या होत्या. "यात मी रविवारची झोप साठवतो," असं ते लेकीला सांगायचे.

बाई चष्म्याच्या दुकानात कामाला. लोकांच्या नाकावर फ्रेम चढवायची आणि आरसा पुढे धरायचा. गिऱ्हाईक स्वतःला बघून झालं की तिच्याकडे बघून हमखास विचारायचं, "ताई, बरं नाही का तुम्हाला?" बाई ठणठणीत! हेच ऐकून ऐकून तिचं डोकं उठायचं. शेवटी तिने बिननंबरी जाड काळी फ्रेम घेतली, खालची कड नेमकी आमच्यावर येईल अशी. आम्ही मुकाट्याने आडोशाला राहिलो.

दोन वर्षांपूर्वी वडील गेले. आईला आता फारसं दिसत नाही. त्या आठवड्यात तिने लेकीचा चष्मा काढला, चेहरा ओंजळीत धरला आणि माझ्यावरून अंगठा फिरवला.

"तेवढे ते इथं राहिलेत बघ."

"राहू देत की," बाई म्हणाली. "कुठं जातायत?"

तेव्हापासून बाई घरी आली की आईचा अंगठा आधी माझ्याकडे यायचा. मग ती म्हणायची, "आलीस होय!" मला कोण अभिमान वाटायचा.

म्हणून तर जीव जळतो. गेल्या महिन्यात आम्हाला काढून टाकायच्या ऑपरेशनचा फॉर्म भरताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "असं घरात आणखी कुणाला आहे? वडिलांना वगैरे?"

बाईने चष्मा नाकावर नीट बसवला. "नाही. कुणालाच नाही."

हो म्हटल्याने कुणी ऑपरेशन थांबवणार नव्हतं. पण हो म्हटलं असतं, तर तिला स्वतःलाच तिथून उठावं लागलं असतं.

आज सकाळी तिला खुर्चीत ताठ बसवून माझ्याभोवती जांभळ्या शाईची रेघ ओढली. माणूस आडवं झालं की आम्ही आत दडतो, हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक असतं. मी दडलेही, पण शाईने चुगली केली. भूल फक्त पापणीपुरती होती.

"घरी सांगितलंय ना?" नर्सने विचारलं.

"आईला म्हटलंय, दुकानाच्या कामाने दहा दिवस बाहेरगावी चाललेय."

आता मी स्टीलच्या वाटीत आहे. मक्याच्या दाण्याएवढी पिवळी चरबी, शेजारी बहीण. रविवारची झोप काही आमच्यात निघाली नाही. थोड्या वेळात आम्हाला टाकून देतील.

बाई, तू छान दिसशील, मी नाही कशाला म्हणू? पण दहा दिवसांनी दारात उभी राहशील, तेव्हा आईचा अंगठा मला शोधत येईल. पुन्हा पुन्हा चाचपेल. मग ती विचारेल, "ते कुठं गेले गं?"

तेव्हा तरी वडिलांना 'नाही' म्हणू नकोस.