दोघांत एक ससा

इस्लामपूरच्या एसटी स्टँडमागं पत्र्याच्या खोलीत व्हिडिओ गेमचं दुकान होतं, तेव्हा कॉलेजच्या पोरांत कृष्णातचं नाव गाजत होतं. त्याचा खेळ एकच, ससा. खरं नाव इंग्रजी होतं, पण ते कुणाच्या जिभेवर बसलंच नाही. ढगावरनं ढगावर, काट्याकुट्यावरनं पलीकडं, कृष्णातच्या हातात तो ससा असा उडायचा की बाकीचे आपला नंबर सोडून बघत राहायचे. त्याचा सांगलीचा दोस्त पुष्कर तर खेळायचाही नाही. शेजारी उभा राहून नुसता ओरडायचा.

पुढं दुकान बंद पडलं. कृष्णात एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला, समीक्षाशी लग्न झालं. आणि नव्याण्णवच्या उन्हाळ्यात मशीननं त्याच्या उजव्या हाताची बोटं नेली. अंगठा तेवढा राहिला. जखम भरली, पण माणूस मिटला तो मिटलाच. मालकांनी कामावर यायचे निरोप धाडले, तरी हा गेला नाही. बाहेर पडलाच तर हात खिशात. जेवतानाही भिंतीकडं तोंड करून बसायचा.

दिवाळी सरल्यावर पुष्कर आला. सांगलीत त्यानं कॉम्प्युटर क्लास काढला होता.

"कृष्णात, आपला ससा परत आलाय रे! सीडीवर. कंपनीनं नव्या रंगात काढलाय."

"मी येऊन काय करू? उडी उजव्या हातानं मारायची असती."

समीक्षा आतून पदराला हात पुसत आली. "आवं, बघून तर येऊ. मलाबी कळू दे, कसला ससा हाय त्यो."

रविवारी क्लास रिकामाच होता. पडद्यावर ससा आला, गुबगुबीत, चकचकीत. मागं हिरवेगार डोंगर.

"ह्यो आपला न्हाई," कृष्णात म्हणाला. "आपला वाळका हुता."

तेवढ्यात गाणं सुरू झालं. वाजवणारी वाद्यं नवी, पण चाल तीच. कृष्णात खुर्ची ओढून बसला.

पुष्करनं बटणं बदलून दिली. डावीकडं, उजवीकडं पळवायचं ते कृष्णातच्या डाव्या हाताखाली, आणि उडीचं मोठं बटण समीक्षाकडं. "ह्यानं 'आता' म्हटलं की दाबायचं, वहिनी."

"आता!"

तिनं दाबलं तोवर ससा खड्ड्यात.

"अगं, आता म्हंजी आता!"

"तुमी म्हणस्तवर त्यो जातोय, मी काय करू?"

ससा पुन्हा पडला, पुन्हा पडला. समीक्षाला हसू आवरेना. पुष्कर जुन्यासारखाच ओरडायला लागला. हळूहळू दोघांचा मेळ बसला आणि ससा धबधब्यापाशी पोचला. कृष्णात सावरून बसला. जुन्या खेळात ह्या पाण्यामागं एक गुहा होती, ती त्यालाच सापडली होती.

"आता!"

समीक्षा हसता हसता डोळे पुसत होती. बटणावर तिचा हातच नव्हता. कृष्णातचा उजवा हात खिशातनं कधी निघाला, त्याचं त्यालाही कळलं नाही. अंगठा बटणावर आदळला. ससा पाण्यातनं आरपार गेला आणि गुहेत उतरला. तीच गुहा, त्याच जागी.

"हाय! हाय की रं, पुष्कर!"

कुणी त्याच्या हाताकडं बघितलं नाही. समीक्षानं फक्त आपली खुर्ची थोडी मागं घेतली. कृष्णातनं एकट्यानं खेळायला सुरुवात केली. लय वेळा पडला. जुन्या कृष्णातच्या पासंगालाही पुरला नसता. पण संध्याकाळी शेवटची एसटी चुकेल म्हणून समीक्षानंच त्याला उठवला.

दुसऱ्या दिवशी तो वर्कशॉपात गेला. मालक चहा पीत होते.

"ड्रिलच्या मशीनचा दांडा डाव्या अंगाला बसवता यील का, मालक? डाव्या हातानं दांडा ओढीन, लोखंड दाबून धरायला उजवा अंगठा पुरतोय मला."

मालकांनी मशीनकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "बसवून बघू. तू थांब तर हितं."

कृष्णातनं शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि पाना मागितला.